साळिंदरासाठी जिवंत किडे

बंगल्यावर मासे घेऊन येणारी मावशी नसती, तर आज मी या किनाऱ्यावर नसतो. हे आधी सांगून टाकतो. पुढच्या हकिकतीत जेवढं शहाणपण आहे ते तिचं, बाकीचं माझं.

देवगडजवळ समुद्रावरच्या एका बंगल्याची मी राखण करतो. गाव माझं हिंगोलीकडे, पार दुसऱ्या टोकाला. आठवीत शाळा सुटली ती हरभऱ्यावरच्या अळ्या वेचायला. एकेक अळी उचलून रॉकेलच्या डब्यात टाकायची. कितीतरी बोटांतच फुटायच्या. तेव्हापासून वळवळणारं काहीही दिसलं की मी हात पाठीमागे घेतो. घरी मात्र मी मॅनेजर असल्याचं सांगितलंय.

बंगल्याचे मालक मुंबईचे. त्यांनी हेजहॉग पाळलाय. म्हणजे विलायती साळिंदर, मुठीएवढं, आणि स्वभावाने रिटायर झालेल्या हेडमास्तरासारखं. माणूस दिसला की फुसफुसायचं आणि काटे फुलवून गोळा होऊन बसायचं. त्याला स्वतंत्र खोली, एसी, पळायला चाक. मला बाहेरची खोली आणि कधीमधी फिरणारा पंखा. मालक तीन आठवडे परदेशी गेले तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याचा एक छापील कागद माझ्या हातात ठेवून म्हणाले, "याला काही झालं तर तू मला इथे दिसू नकोस." मला काही झालं तर काय, हे कागदावरही नव्हतं.

त्याला डब्यातलं खाणं द्यायचं आणि सोबत जिवंत अळ्या. अळ्यांची बरणी त्यांनी फ्रिजमध्ये ठेवली होती, माझ्या दह्याला लागून. ती मी पहिल्याच दिवशी बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. दोन दिवसांत मुंग्यांनी जाळीच्या झाकणातून शिरून ती साफ केली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. अळ्यांच्या जागी मी साळिंदराला सुकट घातली. इकडे मांजर सुकट खातं, कोंबडी खाते, तापातून उठलेला माणूस पेजेबरोबर खातो. मुंबईच्या पाहुण्याला ती का चालू नये? त्याने थोडी खाल्ली, मग डब्यातल्या खाण्यालाही तोंड लावेना, दोन दिवस नुसतं पाणी प्यायलं. माझी झोप उडाली. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती, आणि गावी परत जाऊन मी काय तोंड दाखवणार होतो?

मावशीने टोपली खाली ठेवली, साळिंदराची वाटी उचलून वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू वाटीत सुकट नसून मीच पडलोय. एवढ्याशा जीवाला खारी सुकट घालणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला, असं तिचं म्हणणं पडलं. मग म्हणाली, "ह्येका जिते किडे व्हये. कणकवलीक जा."

गेलो. पिंजरे आणि माशांच्या टाक्या विकणारं दुकान होतं. दुकानदाराने डबा उघडला. कोंड्यात शेकडो अळ्या एकमेकींवर चढत होत्या. मी डोळे फिरवले, पक्ष्यांच्या राळ्याची पुडी घेतली आणि पुढच्या एसटीने परत आलो. मावशीला सांगितलं, दुकान बंद होतं.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "मगे ह्ये राळे कोणी दिल्यान?"

सोमवारी लोक मासे खात नाहीत, म्हणून त्या दिवशी तिची टोपली घरी असते. त्या सोमवारी ती आपणहून माझ्याबरोबर एसटीत बसली. दुकानदार मला ओळखून हसला आणि म्हणाला, भाऊ, अळी चावत नाही. असले विनोद तो रोज करत असणार. अळ्यांशिवाय ऐकणार कोण? परत येताना अळ्यांचा डबा मावशीच्या मांडीवर ठेवावा म्हणून मी पुढे केला, तर तिने हात आखडून घेतले.

"आज माजो सोमवार. किड्याक हात लावूचंय नाय."

सगळी वाट तो डबा माझ्या मांडीवर. आत सळसळ चाललेली, आणि माझ्या कपाळावर घाम.

बंगल्यावर आल्यावर मी स्वयंपाकघरातला चिमटा काढला. त्यातून अळी निसटली आणि चाकाखाली गेली. दुसरीही गेली. साळिंदर कोपऱ्यात पडून होतं, फुसफुसायचीही ताकद नव्हती. मावशी उंबऱ्यावर बसून बघत होती.

"बापयो मा रे तू, झिला? तां मराक टेकलां हा, आणि तू चिमटो नाचवतंस."

बापयो म्हणजे पुरुष. मी डोळे मिटले आणि दोन बोटं कोंड्यात घातली. अळी कोरडी निघाली, शेवेच्या तुकड्यासारखी. फुटली नाही. ती त्याच्या तोंडाशी धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग नाक हललं, काटे बसले आणि त्याने अळी कुरकुर चावून खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला माझं बोटही ओढलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते किळसेने आलं, असं मी मावशीला सांगितलं. तिने राळ्याची आठवण करून दिली.

मालक आले, त्यांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि डब्यातल्या परदेशी खाण्याची तारीफ केली. मी मान डोलावली. मॅनेजरला तेवढं करावं लागतं.

पुढच्या सोमवारी मावशीच्या घरी गेलो, तर ती अंगणात बसून उघड्या हातांनी बांगडे साफ करत होती. मी विचारलं, मावशी, आज सोमवार ना?

"सोमवार गिऱ्हाइकांचो," ती मान वर न करता म्हणाली. "माजो नाय."

मला एसटीतला तिचा तो सोमवार आठवला. ज्या बाईचा हात दिवसभर माशांच्या पोटात असतो, तिला अळीचं काय?

तिने अजून हरभऱ्याचं शेत पाहिलेलं नाही. एकदा तिला माझ्या गावी नेईन. शेतातच जाळ करून ओला हरभरा भाजून तिच्यापुढे ठेवीन. त्याआधी त्यातली एकेक अळी मी स्वतः वेचून काढीन, उघड्या बोटांनी, मग वार कुठलाही असो.