प्रभुभोजनातून काढलेल्या बाई

"आनि तुमचं?" दवाखान्याच्या बाई विचारायच्या.

समोरची बाई सांगू लागे, मी अमक्याची बायको, तमक्याची माय, कुरखेडेवाली. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि पुन्हा तेवढंच म्हणायच्या, "ते समजलं. आनि तुमचं?"

स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय त्या औषधाची बाटली भरत नसत. खोकला असो, खरूज असो, बाई बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायच्या. पुष्कळ बायका तोंडात पदर धरून तासभर बसत आणि मग जमिनीकडे बघत एकदाचं नाव सांगून टाकत. त्या नावाची चिठ्ठी बाटलीवर चिकटे. घरी गेल्यावर नवरा ती चिठ्ठी खरवडून काढी, असंही मी ऐकलं आहे.

आमचं गाव चांदा जिल्ह्यात, कुरखेड्याच्या बाजूला. भाताच्या बांध्या, मोठा तलाव आणि मागं जंगल. मिशनचं कौलारू मंदिर, त्याला लागून प्राथमिक शाळा, दोन खोल्यांचा दवाखाना आणि भोवती आम्हा ख्रिस्ती लोकांची चाळीसेक घरं. गोऱ्या मिसबाई मायदेशी गेल्या, तेव्हा जाताना दवाखान्याच्या किल्ल्या बाईंच्या हातात देऊन गेल्या. मी शाळेत गुरुजी होतो आणि मंडळीच्या पंचकमेटीचा चिटणीसही. माझं अक्षर चांगलं, म्हणून.

बाई अनाथालयात वाढलेल्या. कोणत्या तरी साथीत आईबाप गेले आणि कोणी तरी त्यांना टोपलीत घालून मिशनच्या दारात आणून ठेवलं. एकदाच त्या मला म्हणाल्या होत्या, "मले नाव मिसबाईनं देल्लं, गुरुजी. मायनं काय ठेवलं होतं ते सांगाले कोनी उरलंच नाई." हे त्यांनी दुःखानं सांगितलं नाही. कापूस गुंडाळता गुंडाळता सांगितलं.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्या मोठेपणाची आठवण लोकांना मागाहून येते. तेव्हा आम्हाला त्यांचा ताप होत असे. उपदेश लांबला की बाई नाडी मोजायचं घड्याळ काढून समोरच्या बाकावर ठेवायच्या. एकदा मंदिराच्या दारातच त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "दुखनं एक आनि गोळ्या बारा देल्ल्या तुमी आज." पाळकसाहेब हसले खरे, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

पहिल्या निवडणुकीच्या आधी मतदारयादी लिहायचं काम सरकारनं शिक्षकांवर टाकलं. आमच्या गावाची यादी मी केली. ढिवर टोलीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, गेलो तर पुरुष तलावावर आणि बायका दाराआड. नाव विचारलं की दार लागे. मी दोन दिवस हिंडलो आणि मग शेजाऱ्यांना विचारून लिहून टाकलं, अमुक ढिवराची बायको, तमुक ढिवराची आई. काम झटपट झालं. पुढं वरून हुकूम आला की ज्या बायकांनी स्वतःचं नाव दिलं नाही त्यांना यादीतून काढा. टोलीतल्या जवळजवळ सगळ्या बायका एका दिवसात गळाल्या. मला त्याचं काहीही वाटलं नाही, हे इथं कबूल करतो.

मतदानाच्या दिवशी बाई त्या बायकांना घेऊन आल्या आणि यादीत कोणीच सापडेना. बायका आल्या तशा परत गेल्या. बाई संध्याकाळी माझ्या घरी आल्या. भांडल्या नाहीत. पाळकसाहेब बाप्तिस्मा देतात तेव्हा काय विचारतात, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, नाव.

"अमक्याची बायको म्हनून पानी घालतात का?"

"नाही."

"देव नाव विचारते, सरकार नाव विचारते. मंग तुमालेच विचाराले काऊन जड गेलं?"

बायकोनं चहा आणला, तो बाईंनी घेतला आणि त्या गेल्या.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि यादी नव्यानं तपासायची होती. बाई म्हणाल्या, मी येते तुमच्यासंगं. दवाखाना दुपारी बंद करून त्या छत्री टेकत माझ्याबरोबर टोलीत हिंडल्या. मला अंगणात उभं करायच्या आणि स्वतः आत जायच्या. आतून आधी कुजबुज, मग हसू ऐकू येई आणि मग बाई दारात येऊन एक नाव सांगत. मी लिहून घेई.

एका म्हातारीला नाव आठवेना. ती जुन्या काळात आठव्या वर्षी लग्न होऊन आली होती आणि तेव्हापासून तिला नावानं कोणी हाक मारली नव्हती. बाई तिच्याजवळ खाली बसल्या. माहेर कुठलं, घरात कोण होतं, बाप कामावरून आला की काय म्हणून हाक मारायचा, असं विचारत राहिल्या. बराच वेळ गेला. मग म्हातारी म्हणाली, "फुलकी म्हने." आणि रडायला लागली. बाईंनी वळून मला सांगितलं, "लिवा गुरुजी, फुलकी." मी लिहिलं.

आता त्या वेळचं प्रकरण सांगतो.

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण तलावावर मालगुजाराचाच राखणदार बसे. ढिवरांनी मासळी काढली की निम्मी वाड्यावर जाई. नाही दिली तर जाळं जाई. निवडणुकीला मालगुजाराचा पुतण्या उभा राहिला, चिन्ह शिडी. त्याच्या विरुद्ध जो होता तो फार थोर होता असं नाही, पण तलाव ढिवरांच्या सोसायटीला मिळावा, असं तो उघड म्हणत असे.

आमच्या मंडळीचं दुखणं वेगळं होतं. आमचं कबरस्तान नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की प्रेत नेता येत नसे. आदल्या वर्षी आमच्या एका वडिलांची आई गेली, म्हणजे मंडळीच्या वडीलजनांपैकी एकाची. तिला दोन दिवस घरात ठेवावं लागलं. त्या घराची अवस्था मी पाहिली आहे. म्हणून पुतण्या मंदिरात आला, मागच्या बाकावर हात जोडून बसला आणि निवडून आल्यावर नाल्याच्या अलीकडे जमीन देतो म्हणाला, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला मी कोणाचा लोभ म्हणणार नाही.

पुढच्या रविवारी उपदेश संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की मंडळीनं एकमतानं शिडीच्या पेटीत मत टाकायचं ठरवलं आहे. तेव्हा चिन्हागणिक वेगळी पेटी असे. आता प्रार्थना करू या, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाई उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, कबरस्तान मले बी पायजे. मी बी मरनार हाव. पन आपल्या मढ्याईसाठी ढिवराईच्या जित्या लेकराईच्या तोंडचं देऊन टाकाचं का?"

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. हा विषय इथं नको, असं ते म्हणाले.

"इथी तुमीच काढला," बाई म्हणाल्या. "मत मंडळीचं नसते, ज्याचं त्याचं असते. न्यायाच्या दिवशी देव मले एकटीले विचारीन. तवा मी मंडळीचा ठराव दाखवू का त्याले?"

प्रार्थना झाली आणि शेवटचं गीतही झालं. बाईंना सूर कधीच सापडत नसे, पण त्या मोठ्यानं गात. त्या दिवशीही गायल्या.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात कमेटी बसली. बाई मंडळीत फूट पाडतात, उपासनेचा भंग करतात, अन्य धर्मीयांच्या घरी बसतात-जेवतात, असे तीन आरोप ठेवले. बाईंनी तिसरा लगेच मान्य केला. मासळी चांगली झाली होती, म्हणाल्या. बाकीच्या दोहोंवर त्यांना बोलू दिलं नाही. माफी मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजनातून बंद ठेवावं, असा ठराव झाला. तो मी लिहिला. वळणदार अक्षरात, समास सोडून. सगळ्यांच्या सह्या झाल्या, शेवटी माझी.

बाई दाराशी उभ्या होत्या. "गुरुजी, तुमी बी?" एवढंच त्या म्हणाल्या.

शाळेचे व्यवस्थापक पाळकसाहेबच होते. मला दोन मुली होत्या. दुसरी नोकरी मिळाली नसती असं नाही. मी शोधली नाही.

आम्हाला वाटलं होतं, बाई आता मंदिरात यायच्या नाहीत. त्या दर रविवारी आल्या. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. भाकर आणि प्याला यांच्यावरचं पांढरं कापड पाळकसाहेब उचलायला लागले की बाई आपल्या जागेवरून उठत, चपला घालत आणि बाहेर पायरीवर जाऊन बसत. आत तबक फिरे. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसे. सगळं आटोपलं की त्या आत येत आणि शेवटचं गीत आमच्याबरोबर गात. पहिल्या वेळी बायकांच्या बाकांवर दोघीतिघी रडल्या. पुढं सवय झाली.

मतदान आमच्याच शाळेत झालं. बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. टोलीतल्या बायका रांगेनं आल्या. अधिकारी यादीतलं नाव वाची आणि एकेक बाई पुढं होई. फुलकीचं नाव वाचलं तेव्हा ती हललीच नाही. मागच्या बाईनं ढोसलं, तेव्हा म्हणाली, "हाव, हाव, मीच." बाई आवाराबाहेर, बाभळीखाली छत्री उघडून उभ्या होत्या. आत फक्त स्वतःच्या मतापुरत्या आल्या. मी शाई लावली. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांनी हसायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

पुतण्या निवडून आला, भरपूर मतांनी. आमच्या गावातल्या बायकांच्या मतांनी काही फरक पडला नाही. तलावावर तोच राखणदार राहिला. कोणत्या बायकांनी कुठं मत टाकलं हे पेटीला ठाऊक, पण टोलीतल्या पुरुषांना वाड्यावर बोलावून दम दिला गेला आणि पुरुषांनी तो घरी नेऊन दिला. दोघीतिघींच्या अंगावर वळ होते. त्या मलम घ्यायलाही आल्या नाहीत, कारण दवाखान्याची पायरी चढायची नाही असं त्यांना बजावलं होतं. ज्या बाकावर नाव सांगायला लाजत बायका तासभर बसत तो बाक रिकामा पडला. बाई दार उघडून बसत आणि वेळ झाली की बंद करत.

कबरस्तानाचा कागदही आला नाही. पाळकसाहेब दोनदा वाड्यावर जाऊन आले. पहिल्यांदा त्यांना सांगितलं, साहेब मुंबईला आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं, ती जमीन जंगल खात्याकडे जाते की काय ते बघावं लागेल. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. त्या पावसाळ्यात त्याच वडीलजनाचा भाऊ गेला. छातीइतक्या पाण्यातून शवपेटी खांद्यावर घेऊन आम्ही नाला ओलांडला. ठराव मागं घेऊ या, असं कोणी म्हटलं नाही.

मग मिशनच्या कचेरीतून बाईंच्या बदलीचं पत्र आलं. सिरोंच्याकडे, पार तेलुगू मुलखात. पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की बाईंनी दोन ओळींची माफी लिहून दिली तर बदलीही थांबेल आणि प्रभुभोजनही सुरू होईल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माफी मीच लिहून नेली, बाईंनी फक्त सही करायची. त्यांनी चष्मा खाली घेतला, कागद वाचला, मग टेबलावरची पेन्सिल उचलून एका शब्दावर खूण केली.

"दिलगीरमधली गी दीर्घ हाय, गुरुजी," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. सही केली नव्हती.

त्या गेल्या त्या सकाळी शाळा भरली होती. बस वडाच्या झाडाखाली थांबे, ती जागा वर्गाच्या खिडकीतून दिसे. एक ट्रंक, वळकटी, छत्री. मंडळीतून कोणी आलं नाही. टोलीतूनही नाही. मी पोरांकडून पावकी म्हणून घेत होतो. बस सुटेपर्यंत म्हणून घेतली.

दोन पावसाळ्यांनंतर सिरोंच्याच्या प्रचारकांचं कार्ड आलं. बाई तापानं गेल्या. चार ओळी दुःखाच्या होत्या आणि मग खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाई इकडे प्रभुभोजनाच्या वेळी नेहमी बाहेर बसत. कारण विचारले तर माझ्या मंडळीचा ठराव आहे, इतकेच सांगत. आम्हास अशी काही सूचना मिळालेली नव्हती. तरी खुलासा व्हावा.'

सूचना मिळालेली नव्हती हे खरं. ठरावाची प्रत मी तिकडे पाठवलीच नव्हती. तिथं कोणाला काही ठाऊक नव्हतं. त्या खुशाल आत बसू शकल्या असत्या.

मी कार्ड घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, मंडळीचं रजिस्टर काढलं, पानं उलटली. ठराव तसाच होता, रद्द न केलेला, माझ्या अक्षरातला.

"राहून गेलं," ते म्हणाले. रजिस्टर मिटून पुन्हा म्हणाले, "राहून गेलं, गुरुजी."

कार्डाला काय उत्तर द्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी बाईंचं नाव घेऊन प्रार्थना केली, मंडळीची एकनिष्ठ सेविका म्हणून. मग पांढरं कापड उचललं गेलं. तबक एकेका बाकावरून फिरत माझ्यापर्यंत आलं. मी भाकर घेतली आणि तबक शेजाऱ्याकडे दिलं.