उरण नाक्यावरच्या चिंबोऱ्या

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येते, राग नंतर. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना मी पनवेलमधल्या एका ठाण्यात तपास अधिकारी होतो. आषाढातल्या एका सकाळी उरण नाक्याजवळ एका कंपनीच्या टेम्पोने मासळी विकणाऱ्या मावशींना उडवले. मांडीचे हाड मोडले. पहिले ऑपरेशन लगेच झाले. दुसरे विम्याची भरपाई मिळाल्याशिवाय होणार नव्हते, आणि ते राहिले तर पाय कायमचा अधू.

दुपारी कंपनीचा मॅनेजर ड्रायव्हरला घेऊन स्वतःहून हजर. ड्रायव्हरचा शर्ट कडक इस्त्रीचा, परवाना चोख, गुन्हा कबूल. इतका गुणी आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी गाढवासारखा खूश झालो आणि त्याला चहा पाजून जबाब घेतला. मावशी अजून बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या.

त्यांना दवाखान्यात नेलेला रिक्षावाला तिसऱ्या दिवशी ठाण्यात आला. "साहेब, तुमी धरलाय तो नाय. टेम्पोतून उतरून मावशीला माज्याबरोबर उचलणारा दुसरा होता."

मी तो जबाब पुन्हा काढला. बदली ड्रायव्हर पुढे अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात उघडा पडला असता, तर विमा कंपनीने सगळ्या दाव्यावरच संशय घेतला असता आणि मावशी वर्षानुवर्षे खाटेवर राहिल्या असत्या.

त्या गुणी माणसाला परत बोलावले. "टोपली उलटली तेव्हा काय सांडलं?"

"पापलेट, साहेब. रस्ताभर पापलेट."

जबाब लिहिणारा हवालदार मोरा बंदरातला कोळी. त्याने पेन खाली ठेवले. "पावसाळ्याची मासेमारी बंदी हाय, आमच्या होड्या महिनाभर किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात. तुला पापलेट कुठं गावलं रं?"

तोपर्यंत मावशी शुद्धीवर येऊन नर्सला दटावू लागल्या होत्या. टोपलीत काय होते असे मी विचारताच म्हणाल्या, "खाडीच्या चिंबोऱ्या होत्या, जित्या! घाईत नांग्या बांधायच्या रायल्या. मी आडवी, नि त्या चारी बाजूंना पळाल्या. तो टेम्पोवाला बिचारा गोळा करीत होता, एकीनं अंगठाच धरला त्याचा. माज्यापेक्षा तोच जास्त बोंबलला!"

खेकड्याने धरलेला अंगठा शोधायला कंपनीच्या आवारात सगळ्या ड्रायव्हरांना रांगेत उभे केले आणि हात पुढे करायला सांगितले. एकाच्या अंगठ्याला पट्टी होती. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "साहेब, मावशी कशी हाय?" त्याच्या परवान्याची मुदत संपली होती. विमा नाकारला जाईल या भीतीने मॅनेजरने त्याला गप्प बसवले होते. मॅनेजरवर आणि त्या इस्त्रीवाल्यावरही गुन्हा दाखल झाला. न्यायाधिकरणाच्या आदेशाने विमा कंपनीने मावशींना आधी भरपाई दिली आणि नंतर ती टेम्पोच्या मालकाकडून वसूल केली.

बनाव रचणारा जे नेहमी घडते तेच सांगतो. जे कुणाला सुचणार नाही, ते तिथे असलेल्यालाच ठाऊक असते. तेव्हापासून मी प्रत्येक साक्षीदाराला एक तरी बिनकामाचा प्रश्न विचारू लागलो.

दुसऱ्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी मावशी ठाण्यात आल्या. पायऱ्यांपाशी हवालदाराने आधाराला हात पुढे केला.

"सरक बाजूला," त्या म्हणाल्या, "माजी मी चढते."

आणि चढल्या.