ऑरेंज बॉइजची नवी कॅसेट

कळमेश्वरच्या पत्र्याच्या कारखान्यात कवडू फिटर होता. सकाळी डबा घेऊन एस.टी. धरायची, संध्याकाळी रॉकेलनं हाताचं ग्रीस काढत घरी यायचं. हा माणूस एके काळी लाल सदरा घालून स्टेजवर गिटार वाजवायचा, हे कारखान्यात कोणाला सांगून पटलं नसतं. कवडू सांगायचाही नाही.

पण सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास अजनीच्या रेल्वे क्वार्टरांतल्या पोरांनी बँड काढला होता खरा. नाव ऑरेंज बॉइज. इंजिन ड्रायव्हरची दोन ख्रिश्चन पोरं, ड्रमवर गिरिधर, आणि गिटार घेऊन गायला कवडू. इलेक्ट्रिक गिटार कुठून आणणार? त्या भावांनी साध्या गिटारीलाच टेलिफोनमधला चुंबक चिकटवला आणि तार रेडिओत खुपसली. चाल विलायती, बोल मात्र नागपूरचे. 'उन्हा, जाय ना गा कामठीले' हे त्यांचं गाणं तेव्हा अर्ध्या नागपूरच्या तोंडी होतं. गणपतीत वाजलं, वरातीत वाजलं, मुंबईला जाऊन त्यांनी दोन रेकॉर्डीही काढल्या. मग ते भाऊ ऑस्ट्रेलियाला गेले, गिरिधरनं मंडपाचा धंदा धरला, कवडूनं पाना-पक्कड. लाल सदऱ्याची त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, गोधडीत ठिगळं लावली.

चौऱ्याऐंशी साली इतवारीतल्या भैय्याजींच्या डोक्यात किडा शिरला. भैय्याजी धान्याचे अडते. पण कॅसेटचं वारं सुटलं होतं, पानठेल्यापानठेल्यावर टेप बोंबलत होते, तेव्हा तुरीच्या पोत्यांशेजारी त्यांनी कॅसेट भरायची मशिनं मांडली. पानठेल्यावर कोणीतरी 'उन्हा' गुणगुणताना त्यांनी ऐकलं आणि कवडूचा पत्ता काढत घरी आले. म्हणाले, एका बाजूला जुनी गाणी तशीच्या तशी, दुसऱ्या बाजूला नवी बनवा. लोकांना वाटलं पाहिजे, बॉइज अजून जित्ते आहेत.

कवडूनं त्या दिवशी साखर घातलेला चहा दोनदा करायला लावला. रेकॉर्डी ट्रंकेतून काढून भैय्याजींच्या हवाली केल्या. सीताबर्डीवरून गिटारीच्या तारा आणल्या. नवी गाणीही त्याला सुचत होती, एस.टी.च्या खिडकीत बसून. एक कुलरवर होतं, एक सासुरवाडीच्या सांडग्यांवर. कंडक्टरनं विचारलं, कवडूभाऊ, कोनाशी बोलून राहिले? कवडू नुसता हसला.

जुनी बाजू आधी तयार झाली. भैय्याजींनी एक कॅसेट घरी पाठवली, सराव करा म्हणून. कवडूनं टेप लावला, गिटार घेतली, आणि तिथंच घोटाळा झाला. गिटार कॅसेटला जुळेना. त्याला वाटलं, तेव्हा आपण तारा चढ्याच लावत असू. तरुणपणी काय, सगळंच चढं. त्यानं तारा पिळल्या. एक तार तटकन तुटून गालाला लागली. त्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या, दुसरी बांधली, तीही तुटली. मग गिटार ठेवून नुसता गळा लावला. 'कामठीले'च्या वरच्या सुरावर आवाज असा फाटला, की शेजारची जिजाबाई कुंपणावरून विचारू लागली, भाऊजीले ठसका लागला का वं?

आठवडाभर हेच चाललं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, तंबाखू बंद झाली. सूर काही हाती लागेना. एका संध्याकाळी गिरिधर आला, त्यानं थाळीवर ठेका धरायचा प्रयत्न केला आणि दमून थाळी खाली ठेवली.

"इतकी घाई काहून होती बे आपल्याले?" तो म्हणाला.

"तेव्हा लग्नं नव्हती झाली आपली," कवडू म्हणाला. "दम होता."

दोघं हसले, पण गिरिधर गेल्यावर कवडूनं गिटार भिंतीला टेकवून ठेवली. कौशल्यानं विचारलं तर म्हणाला, रविवारी इतवारीले जाऊन भैय्याजीले नाही म्हणून येतो. स्वतःच्याच आवाजाच्या मागं धावून राहिलो अन् तो पोट्टा हाती नाही येत. गळा गेला माझा. गेल्या महिनाभर हा माणूस कारखान्यातून शीळ घालत घरी येत होता. ती शीळ गेली, तर मागं काय उरतं, हे कौशल्याला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ती अंगणात मेथी निवडत बसली होती. तोंडानं 'उन्हा' चालू. हे गाणं ती लग्नाआधीपासून म्हणायची. मामाच्या घरच्या रेकॉर्डीवरून शिकलेली, आणि भाजी निवडताना तिला दुसरं गाणं येतच नसे. कवडू इतवारीला निघायच्या तयारीत होता. गिटारीच्या तारा आता तुटू नयेत म्हणून सैल, नेहमीच्या सुरात लावलेल्या. माळ्यावर टाकायला गिटार पिशवीत घालता घालता त्यानं सहज बोटं फिरवली.

जुळली.

त्यानं पुन्हा फिरवली. कौशल्या पुढच्या कडव्यात गेली, गिटार तिच्या मागोमाग गेली. कवडूनं गळा लावला. आवाज पूर्वीपेक्षा जाड निघाला, पण फाटला नाही.

"थांब वं. हे तू खाली म्हणून राहिली का?"

"मी कायले खाली म्हणू? रेकॉर्डीवर होतं तसंच म्हणते."

"मंग कॅसेटवर?"

कौशल्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. "खरं सांगू का, अजी? त्या कॅसेटमधला आवाज मले तुमचा वाटलाच नाही. एखाद्या बारक्या भाच्याचा वाटला. म्हटलं, आपल्या नवऱ्याले कसं सांगावं."

दोघं तसेच इतवारीला निघाले. वाटेत गिरिधरलाही त्याच्या मंडपाच्या बांबूंमधून उठवून घेतलं. भैय्याजींच्या दुकानात रेकॉर्ड अजून प्लेअरच्या फिरकीवर होती. गिरिधरनं वाकून पाहिलं आणि खालच्या मोटरच्या दांड्यावर बोट ठेवलं. दांड्यावर चिकटपट्टीचा वेढा होता. दांडा जाड झाला, की फिरकी जोरात फिरते आणि गाणं वर चढतं.

भैय्याजींना यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. लहान कॅसेटींचा लॉट स्वस्तात पडला होता. त्यात शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटायचं. म्हणून थोडं पळवलं.

"पायलीत माल बसवाले थोडा ठोकाच लागते," ते म्हणाले. "दाणा तोच राहते ना?"

किती दिवसांच्या गुळण्या कवडूच्या डोळ्यांपुढून गेल्या. मग त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना. गिरिधरही पोत्यावर बसून हसू लागला. आपण तरुणपणी इतके पळत नव्हतो, हे कळल्यावर माणूस असा हलका होतो.

कवडूनं स्वतःच्या हातानं पट्टी सोलली. भैय्याजी घाबरले, शेवटच्या गाण्याचं काय? नव्या बाजूला टाका, कवडू म्हणाला. जुना माल नव्यात मिसळला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, भैय्याजी कुरकुरले.

"भैय्याजी," कौशल्या पहिल्यांदाच बोलली, "नव्या तुरीत जुनी तूर मिसळता, तेव्हा विचारता का गिऱ्हाईकाले?"

पोत्यांमागचे हमाल मोठ्यानं हसले. भैय्याजींनीही मान हलवली.

नवी बाजू त्याच दुकानाच्या माडीवरच्या गोदामात भरली. चारी बाजूंनी तुरीची पोती, त्यामुळे आवाज मऊ बसत होता. मायक्रोफोन दोरीनं तुळईला टांगला. गिरिधरच्या ड्रमखाली बारदाना. कौशल्याला दुसऱ्या आवाजासाठी उभं केलं. ती आधी नाही म्हणाली, मग पदर खोचून उभी राहिली.

कुलरचं गाणं सुरू झालं. वरचा सूर आला तिथं कवडू वर गेलाच नाही. खाली उतरला, आपल्या आताच्या जाड, ग्रीस लागलेल्या आवाजात, आणि तिथंच मजेत बसला. वरचा सूर कौशल्यानं उचलला. जिन्यातून वर येणारे हमाल पाठीवरच्या पोत्यांसकट जागच्या जागी थांबले. एरवी कोणी क्षणभर टेकलं तरी भैय्याजी खेकसत. त्या दिवशी तेही पायऱ्यांवर उभे राहून मांडीवर ठेका धरत होते.

गाणं संपलं. भैय्याजींनी वर येऊन बटण दाबलं, मशीन थांबवलं आणि हमालांना हातानं वाट करून दिली.

"थांबवलं काहून?" कवडू तारांवरून हात न काढता म्हणाला. "सांडग्यांचं बाकी आहे ना."