घसाऱ्याची चार पानं

मुद्दा पहिल्या ओळीत यावा, ही विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून लागलेली सवय. तर मुद्दा हा: नांदेडच्या अभ्यासिकेत माझ्या समोर बसणाऱ्या हदगावच्या मुलीचा मला हेवा वाटायचा. इतका, की तिच्या पेनाचा आवाजही खुपायचा.

मी अहमदपूरचा. सीए इंटरच्या अकाउंट्सच्या पेपरात एकदा नापास झालेलो. दोष मी पुस्तकाला दिला आणि अजूनही देतो. क्लासवाल्यांच्या त्या जाडजूड पुस्तकात एकेक वाक्य अर्धं पान चालतं. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. मराठी शाळेतून आलेल्या पोरांनी काय करायचं? पाठ करायचं. न समजता पाठ करणाऱ्याला फी काय कमी पडते? या रागातून मी सोळा पानांची पुस्तिका लिहिली, अवघड धडे सोप्या मराठीत. अभ्यासिकेचे सर म्हणाले होते, नव्या बॅचला आपल्याच पोरांच्या नोट्स छापून देऊ, ज्या चांगल्या त्या. त्या माझ्याच असणार. मला तर मुखपृष्ठावरचं नावही दिसत होतं.

खालच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरांच्या नोट्सची चळत असायची. ज्याला मागणी जास्त, तो गठ्ठा सगळ्यात वर. दोन दिवस माझा वर होता. मग त्याच्यावर त्या हदगावच्या मुलीची, हाताने लिहिलेली चार पानं आली. मथळा फक्त 'घसारा', म्हणजे वापरून वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत. एक उद्गारचिन्ह नाही.

"काका, माझी खाली कशी गेली?"

"म्या न्हाई घातली, पुढारी. पोरांनी घातली." काकांनी मशीनचं झाकण आपटलं. "तुमची वाचायला लई झकास. पोरं हितंच उभं राहून वाचतेत, हसतेत, ठिवतेत. तिची घरी नेतेत."

त्याच आठवड्यात सराव परीक्षा झाली. घसारा म्हणजे काय? तिघांनी लिहिलं, 'घसारा ही नफा लपवण्यासाठी मालकवर्गाने शोधलेली पळवाट होय.' वाक्य माझं, पान पाच. सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि तिघांना शून्य दिलं. "मोर्चात चालंल हे. पेपरात न्हाई." सगळे हसले. ती हसली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी तिची चार पानं विकत घेतली. काकांना सांगितलं, मित्रासाठी. लाल पेन घेऊन बसलो. मला फक्त चूक हवी होती. तिने घसारा मळणी यंत्रावर समजावला होता. यंत्र दोन लाख चाळीस हजाराचं, आठ वर्षं चालणार. पहिल्या वर्षी सगळा खर्च दाखवला तर त्या वर्षावर अन्याय. म्हणून आठही वर्षांनी आपापला वाटा उचलायचा, वर्षाला तीस हजार. अन्याय हा माझा शब्द! तो तिच्याकडे किती गुपचूप बसला होता. पण शेवटच्या ओळीत होतं, की यंत्र भंगारात चाळीस हजाराला जाईल. ते तिने वजाच केलं नव्हतं. उत्तर पंचवीस हजार यायला हवं.

असा आनंद मला पास झाल्यावरही झाला नसता. सगळे ऐकतील अशा आवाजात मी म्हणालो, "तुमचं यंत्र चुकलंय."

तिने पान ओढून घेतलं. "हाव की. भंगार राहिलंच." लगेच खोडून दुरुस्त केलं. "दादा, हे आधी कुणालाच दिसलं न्हाई. माझ्या भाऊजींनाबी."

"ते सीए आहेत?"

"बियाणाचं दुकान हाय त्यांचं. मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. जिथं ते 'म्हंजे?' म्हणतेत, तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायचं आन् तेवढं परत लिहायचं. घसाऱ्याला अकरा टिंबं पडली." मग तिनं विचारलं, "तुम्ही कुणाला वाचून दाखवलं?"

दाखवलं होतं. संघटनेच्या खोलीत, उभं राहून. टाळ्या पडल्या त्या ओळी ठेवल्या. पान पाचला सगळ्यात जास्त पडल्या होत्या.

सरांनी तिच्या नोट्स निवडल्या. मला वाईट वाटलं, आणि मोठ्या मनाने वगैरे मी काही केलं नाही. तीच बाकापाशी येऊन म्हणाली, "पुढचा धडा लिहून राहिले. भाऊजी पेरणीच्या गिऱ्हाइकात अडकलेत. तुम्ही ऐका ना. तुम्हाला राग लवकर येतो, कुठं अडलं ते लगेच कळंल."

"चुकाच काढीन."

"काढा की."

तिने वाचायला सुरुवात केली. धडा स्थगित कराचा, म्हणजे पुढच्या वर्षांवर ढकललेल्या कराचा, मी नापास झालो तेव्हा सोडून दिलेला. माझ्या पुस्तिकेत त्यावर दोन पानं होती, निषेधाची. मी लाल पेनाचं टोपण काढून बसलो. तिसऱ्या ओळीला ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. चूक कुठेच नव्हती. तिच्या हातातली पेन्सिल वाट बघत होती.

"म्हणजे?" मी विचारलं.

तिनं टिंब दिलं.