गाण्यात घुसवलेली बांग

नेरेइडा ओसुना शाळेची बस चालवायची आणि स्वतःची गाणी स्वतः रचून गायची. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या आमच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन वस्तीत लग्न असो की बाप्तिस्मा, तिला बोलावणं ठरलेलं. साथीला गिटारवर मी. तिचं सर्वांत गाजलेलं गाणं आईवर होतं. तिच्या आईने, इलुमिनादाबाईंनी, कोंबड्या कापायच्या कारखान्यात अर्धं आयुष्य उभ्याने काढलं. आता त्यांची बोटं मिटत नाहीत. गाण्यात मुकादम इंग्रजीत हुकूम सोडायचा आणि आई मनातल्या मनात स्पॅनिशमध्ये त्याचा समाचार घ्यायची. बायका हसता हसता डोळे पुसायच्या.

ऑस्टिनच्या एका कंपनीने तिचा अल्बम काढायचं ठरवलं. "दोन भाषा आहेत, हेच तर खपेल," निर्माता प्रेस्टन म्हणाला. रेकॉर्डिंग छान झालं. तयार होऊन आलं ते भलतंच. आईची उत्तरं उडवलेली, मुकादमाचे हुकूम नाचाच्या ठेक्यावर, आणि मध्ये मध्ये कोंबड्याची बांग.

नेरेइडाने तिथल्या तिथे फोन लावला. "प्रेस्टन, ती माझी आई आहे."

"अगं, गंमत आहे ती. लोकांना रडगाणं नको असतं."

"बरोबर. लोकांना कोंबडी हवी, कापणारी नको."

पण करारावर सही झाली होती. गाणं बाहेर पडलं.

रविवारी इलुमिनादाबाई बार्बाकोआ, म्हणजे रविवारचं वाफवलेलं मांस, आणायला गेल्या. दुकानातल्या रेडिओवर तेच लागलं होतं आणि रांगेतली पोरं कॉक कॉक करत होती. घरी येऊन त्यांनी मांसाचा पुडा ओट्यावर आदळला.

"माझ्यावर गाणं केलंयस म्हणालीस. ते हेच का?"

"त्यांनी बदललं, आई."

"आणि सही कुणाची?"

"माझी."

"जन्मभर आतडी उपसली मी. इतकी किळस कधी आली नव्हती."

आई जेवली नाही.

अल्बमच्या समारंभात प्रेस्टनने पाहुण्यांना पिसांच्या टोप्या वाटल्या. नेरेइडाने वाजत असलेलं गाणं बंद केलं, मला खूण केली आणि मूळ गाणं सबंध गायली. निम्मे लोक दारूच्या टेबलाकडे सरकले. एकाने तिच्या समोरच जांभई दिली. कंपनीने तिचा नाद सोडला, बांगेचा नाही.

परवा एका लग्नात खुद्द नवरदेवाने फर्माईश केली, कोपरं पंखांसारखी फडफडवत. नेरेइडाने माइक खाली ठेवला. आम्ही न जेवताच निघालो.