ताईच्या साड्या आणि केंटमधली बाग

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिल्टन कीन्समधल्या एका राउंडअबाउटवर गाडी चालवत होतो. भाची मीरा पलीकडे रडत होती, आणि मी बाहेर पडायचं सोडून गोल गोल फिरत राहिलो... त्याच्या आदल्या रविवारी ताईनं मला बोलावलं होतं. मी काहीतरी कारण सांगून टाळलं होतं.

कार्डिफच्या हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर ताईनं केंटमधलं एक जुनं कंट्री हाउस घेतलं, तेव्हा आम्ही तिला वेड्यात काढलं. कुणा जमीनदारानं तीनशे वर्षांपूर्वी बांधलेलं विटांचं घर. सरकारच्या वारसा यादीत, म्हणजे लिस्टेड असल्यामुळे खिडकी बदलायची तरी कौन्सिलला विचारा! ताईनं घराला हात न लावता उतारावर ऑलिव्हची झाडं लावली. पहिलं पीक आलं आणि बाईसाहेबांनी कैरीसारखं सरळ मोहरी-मेथी घालून लोणचं केलं. ऑलिव्ह आधी मिठाच्या पाण्यात मुरवावं लागतं, नाहीतर विषासारखं कडू लागतं, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक? सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. "औषध समजून खा," ताई म्हणाली, आणि स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

थंडी सुरू झाली की ती लहान झाडांना आपल्या सुती साड्या गुंडाळायची.

"अगं, दुकानात फ्लीस मिळते त्यासाठी," मी म्हणालो होतो.

"ती प्लास्टिकची रे. अंगाला सुतीच बरं."

ताईच्या मागे घर विकायचं काम माझ्याकडे आलं. मीरा एडिनबराला, तिच्यानं एवढा पसारा सांभाळणं शक्य नव्हतं. जानेवारीत एजंट फोटो काढायला आला. फार सभ्य माणूस. "झाडांवरचं ते कापड तेवढं काढता येईल का? धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय," म्हणाला. मी लगेच काढलं. मला लाज वाटली हो, त्याच्यासमोर, माझ्या बहिणीच्या साड्यांची. फोटो झाले की परत गुंडाळू असं ठरवलं होतं, पण मग घर बघायला लोक येऊ लागले आणि ते राहून गेलं. त्याच आठवड्यात कडाक्याचा फ्रॉस्ट पडला. पानं करपली, साली फाटल्या. मी एका झाडाची साल नखानं खरवडून पाहिली, दुसऱ्याची पाहिली... आत कुठेच हिरवं दिसेना. वेबसाइटवर मात्र 'ऐतिहासिक कंट्री हाउस, ऑलिव्हच्या बागेसह' या ओळीखाली तीच झाडं हिरवीगार उभी होती. त्या फोटोंवरच घराला गिऱ्हाईक मिळालं.

मार्चमध्ये मीरा आईच्या चार वस्तू न्यायला आली. मी तिला झाडांचं काही सांगितलेलं नव्हतं. वरच्या कपाटात मी साड्या धुऊन, इस्त्री करून ठेवल्या होत्या. तेवढंच काय ते माझं प्रायश्चित्त. तिनं दार उघडलं.

"मामा, या साड्या इकडे कशाला? अजून फ्रॉस्ट येतो ना रात्री."

ती वरची निळी साडी घेऊन जिना उतरली, मागोमाग मी. पहिल्या झाडापाशी वाकून तिनं बुंध्याभोवती पदर धरला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या झाडात जीव उरला नाही, हे मला तिला सांगता आलं नाही. मी दुसरं टोक धरलं.