माळावरच्या शाळेच्या पंकजाबाई

पंकजाबाई वालूरला आमच्या शेजारी राहतात. रोज सकाळी त्या स्कूटीवरून माळावरच्या धनगरवाडीत शाळेला जायच्या, तेव्हा पायाशी कधी रोपं असायची, कधी वजनकाटा. शाळेला दोन खोल्या होत्या, पण त्या पावसापुरत्या. एरवी वर्ग लिंबाखाली नाहीतर ओढ्याकाठी भरायचा. आज काय शिकायचं ते पोरंच ठरवायची. एकदा पोरांनी नुकत्याच जन्मलेल्या करडाचं वजन रोज फळ्यावर मांडायचं ठरवलं. त्या एका करडावर बेरीज-वजाबाकीपासून आलेखापर्यंत सगळं झालं.

शनिवारी शिकवायला वाडीतलंच कुणीतरी यायचं. भिवराबाई लोकर कातायला शिकवायच्या. त्यांचे मालक दत्तराव शाळा समितीचे अध्यक्ष. ते शेरडंच हाकत आणायचे आणि त्यांच्या पायांवरून चारचा पाढा म्हणवून घ्यायचे. बाईंनी काहीही सुचवलं की दत्तराव म्हणणार, "बाई, तुमी म्हणाल तसं."

"माझ्या पाठीशी अख्खी वाडी आहे," बाई आमच्या ओट्यावर बसून सांगायच्या. चेहऱ्यावर इतकं समाधान असायचं, की मलाही ते खरं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं. पोरं कमी होती, म्हणून ही शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिसळायची का, याबद्दल वाडीचं म्हणणं ऐकून ते वर कळवणार होते. बाई निर्धास्त.

"दत्तराव बोलणार आहेत. तुम्ही फक्त पोहे करून आणा," मला म्हणाल्या.

लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. दत्तरावांची नात बबिता हिने करडाचा आलेख न अडखळता समजावून सांगितला. साहेबांनी शाबासकी दिली. मग दत्तराव उठले, टोपी सारखी केली.

"साहेब, बाई लय चांगल्या हायेत. लेकरायला पोटच्यावानी जीव लावतेत. पण आमची लेकरं घरी शेरडामागं अन् शाळेतबी शेरडामागंच. मी जलमभर तेच केलं. नातीनं तरी बाकड्यावर बसून शिकावं. शाळा मोठ्या गावाला न्या, अन् पोरायला गाडी तेवढी द्या."

बाई आधी हसल्या. दत्तराव चेष्टेखोर, ही चेष्टाच वाटली असणार. मग त्यांनी भिवराबाईंकडे पाहिलं. भिवराबाईंनी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी विचारलं, "बाकीच्यांचं काय?" एकेक करून हात वर गेले. काही ठरवायचं असलं तर हात वर करायचे, ही वाडीला बाईंनीच लावलेली सवय.

पोह्यांना कुणी हात लावेना. शेवटी बाईंनीच बशा भरल्या. दत्तरावांपुढे बशी ठेवताना हळूच म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

"तुमच्या तोंडावर कसं बोलावं बाई? तुमी आमच्या भल्याचंच करायलाव."

"म्हणून साहेबांसमोर?"

"साहेब आज जातेत. तुमी रोज दिसताव."

जूनमध्ये शाळा मिसळली. बाईंनाही तिथंच घेतलं. बबिता पहिल्या बाकावर बसते आणि तिला बाक आवडतो, हे बाईंनीच मला सांगितलं. सांगताना त्या गवार मोडत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "शाळा गेली ते सोसेन हो मी. पण दर शनिवारी ते शेरडं घेऊन हसत यायचे, तेव्हाही मनात हेच होतं का? आता मागचा एकही शनिवार मला खरा वाटत नाही."

दिवाळीत दत्तराव शेळीच्या दुधाची किटली घेऊन बाईंच्या दारात आले. मी माझ्या ओट्यावर होते.

"बाई, राग गेला का न्हाई?"

"राग कसला," म्हणत बाईंनी किटली घेतली. आल्यागेल्याला चहाशिवाय न सोडणाऱ्या बाई, पण 'या, बसा' म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. दिवाळीचे लाडू घरात होते, वळायला मीच हात लावला होता. बाईंनी किटली धुतली, पदरानं कोरडी केली आणि तशीच दत्तरावांच्या हातात दिली.

दत्तरावांनी झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं आणि बसस्टँडकडे निघाले.